‘यार्ड’ आणि ‘कोर्टयार्ड’: नववीच्या एका प्रश्नाचे प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यातील एका खेड्यात, माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवतो. पुढे सांगितलेला प्रसंग नववीच्या वर्गातला आहे. गाव, शाळा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय मात्र जसे झाले तसेच ठेवले आहेत.

आमच्या मुलांची घरची भाषा नागपुरी वळणाची मराठी आहे. वर्गाबाहेर इंग्रजी वाक्य त्यांच्या कानावर क्वचितच पडते, इंग्रजी शब्द मात्र दिवसभर पडतात. शेताला ‘कंपाउंड’ असते, शाळेला ‘गेट’ असते, जमिनीच्या वाटणीचा दावा ‘कोर्टात’ चालू असतो आणि दिवाळीच्या आगेमागे वेचलेला कापूस ‘यार्डात’ जातो. हे शब्द मुलांना पुस्तकातून मिळालेले नसतात. ते बापाच्या, आज्याच्या तोंडून आलेले असतात आणि प्रत्येक शब्दाला एक ओळखीची जागा चिकटलेली असते. इंग्रजी शिकवताना मी या ठेव्याचा विचार केला नव्हता, आणि हे प्रकरण घडले ते त्यामुळेच.

पहिल्या सत्राच्या घटक चाचणीसाठी मी स्वतः एक उतारा तयार केला होता. त्यात एका जुन्या धान्यव्यापाऱ्याच्या घराचे वर्णन होते. एका वाक्यात बैलगाड्या ‘यार्ड’मध्ये उभ्या राहतात, तर पुढच्या वाक्यात घरातल्या बाया ‘कोर्टयार्ड’मध्ये धान्य वाळवतात. या दोन शब्दांचे मराठी अर्थ लिहा, असा दोन गुणांचा प्रश्न होता. आमच्याकडच्या छोट्या शब्दकोशात पहिल्या शब्दापुढे अंगण, आवार आणि तीन फुटांचे माप असे अर्थ होते आणि दुसऱ्यापुढे अंगण व चौक. दोन्हीकडे पहिला अर्थ सारखाच दिसला, म्हणून मी उत्तरसूचीत दोन्ही ठिकाणी ‘अंगण’ लिहिले.

अडचण

बहुतेक मुलांनी दोन्हींपुढे ‘अंगण’ लिहून पूर्ण गुण मिळवले. काहींनी पहिल्या शब्दापुढे ‘तीन फूट’ असे लिहिले. एका मुलीचे उत्तर मात्र या दोन्हींपेक्षा वेगळे होते. तिने लिहिले होते: ‘यार्ड म्हणजे जिथे कापसाच्या गाड्या लागतात ती फाटक असलेली मोकळी जागा. कोर्टयार्ड म्हणजे कोर्टासमोरची जागा.’ तिला मी शून्य गुण दिले.

तपासलेले पेपर घरी गेल्यावर दोन दिवसांनी तिचे आजोबा शाळेत आले. बाजार समितीत मापारी म्हणून त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले होते. भांडायला ते आलेच नव्हते. पेपर टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, “सर, पोरगी म्हणते यार्ड चुकलं. मी त अर्धी जिंदगी यार्डातच काढली जी. कास्तकाराची बंडी फाटकातून आत आली का यार्ड, अन् बाहेर निघाली का रस्ता. याच्यात चुकलं काय?”

बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या एका वाक्यात त्यांनी हद्द सांगितली, फाटक सांगितले आणि त्या जागेत कोणते काम चालते तेही सांगितले. ‘अंगण’ या माझ्या एका शब्दातून यांतले काहीच कळत नव्हते. शिवाय उताऱ्यातही गाड्याच उभ्या होत्या, म्हणजे मुलीचे उत्तर माझ्या सूचीपेक्षा उताऱ्याला अधिक धरून होते. दुसऱ्या शब्दाबाबत ती चुकली होती हे खरे, पण त्या चुकीमागेही एक सरळ तर्क होता: कोर्ट माहीत, यार्ड माहीत, मग कोर्टयार्ड म्हणजे कोर्टाचे यार्ड.

शब्दांची घडण

निर्णय घेण्याआधी शब्द नीट समजून घ्यावेत म्हणून मी मोठ्या शब्दकोशांकडे वळलो. जे हाती आले ते विस्ताराने देतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

‘यार्ड’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा असा आहे. ‘गार्डन’ हा त्याचाच नातलग असून तो फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आला. फळबागेसाठीचा ‘ऑर्चर्ड’ हा शब्द नीट पाहिला तर त्याच्या शेवटी ‘यार्ड’च बसलेले दिसते. व्युत्पत्तिकार आपला संस्कृत ‘गृह’ हा शब्दही याच कुळातला मानतात; म्हणजे मराठी ‘घर’ आणि इंग्रजी ‘यार्ड’ यांचे फार जुने नाते आहे. तीन फुटांचे ‘यार्ड’ मात्र या कुळाबाहेरचे आहे. ते काठी या अर्थाच्या दुसऱ्याच शब्दापासून आले आणि उच्चार जवळ आल्यामुळे दोन्ही एकसारखे दिसू लागले. हे माप आपल्याकडे ‘वार’ म्हणून रुळले आहे. नऊवारी लुगड्यातला वार तो हाच. १९५९ मध्ये इंग्रजी भाषक देशांनी त्याची लांबी ०.९१४४ मीटर अशी पक्की केली. ‘तीन फूट’ लिहिणारी मुले शब्दाला चुकली नव्हती. ज्या वाक्यात तो शब्द आला होता ते वाक्य त्यांनी पाहिले नव्हते.

‘कोर्ट’ची कथा मला अधिक मोलाची वाटली. लॅटिनमध्ये वेढलेल्या आवाराला, विशेषतः शेतघराच्या आवाराला जो शब्द होता, तो फ्रेंचमधून इंग्रजीत ‘कोर्ट’ होऊन आला. राजाच्या वाड्यातल्या आवारात लोक जमत, म्हणून त्या जमण्याला म्हणजे दरबारालाही ‘कोर्ट’ म्हणू लागले. दरबारात न्याय होई, म्हणून न्यायसभा ‘कोर्ट’ झाली. आखलेल्या हद्दीत चेंडू खेळण्याची जागाही ‘कोर्ट’च राहिली. शब्द असा चहूकडे पसरल्यावर इमारतीने वेढलेली मोकळी जागा एवढेच सांगण्यासाठी सोळाव्या शतकात त्याला ‘यार्ड’ जोडले गेले. म्हणजे ‘कोर्टयार्ड’ हा शब्द मुळात ‘आवार-आवार’ असा आहे, आणि न्यायालय हा त्यातल्या पहिल्या अर्ध्याचा खूप नंतरचा अर्थ आहे.

आजच्या वापरात दोन्हींतला फरक असा सांगता येतो. यार्ड हे इमारतीला लागून, तिच्या भोवती किंवा तिच्यापासून सुटेही असू शकते. त्याला कुंपण, भिंत किंवा नुसती मान्य झालेली हद्द पुरते आणि बहुधा तिथे काही ठरावीक काम चालते. कोर्टयार्ड इमारतीच्या आत असते, आणि त्याच्या भिंती म्हणजे त्या इमारतीच्याच भिंती असतात. यार्डाच्या आत इमारत मावू शकते, जसे चर्चभोवतीचे ‘चर्चयार्ड’. कोर्टयार्डाच्या बाबतीत हे उलटे असते.

यात देशभेदही आहे. ब्रिटनमध्ये घरामागच्या ‘यार्ड’ला बहुधा फरशी किंवा सिमेंट असते आणि झाडे-हिरवळ असेल तर त्याच जागेला ‘गार्डन’ म्हणतात. अमेरिकेत घराभोवतीची हिरवळीची जागा सरसकट ‘यार्ड’ असते. आपल्याकडे आलेले ‘यार्ड’ ब्रिटिश कारभारातून आलेले, कामाच्या जागेचे आहे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला आणि पुढे सरकारी मराठीत अशा यार्डाला ‘बाजार आवार’ असे नाव मिळाले. कागदावर आवार असले तरी बंडीवाल्याच्या तोंडी यार्डच राहिले. आजोबांचा शब्द असा सव्वाशे वर्षांचा, पूर्ण अस्सल होता.

विचारात घेतलेले पर्याय

मुख्याध्यापिका बाई, मराठीचे सर आणि मी असे तिघे बसलो. उत्तरसूची तशीच ठेवावी हा पहिला पर्याय होता. घटक चाचणीच्या दोन गुणांनी कोणाचे वर्ष बिघडत नाही हे खरे होते, पण मुलीने घरातून आणलेले खरे ज्ञान शाळेने खोटे ठरवले असते आणि ते तिच्या आज्यासमोर. मला हा पर्याय क्षणभरही मान्य नव्हता.

प्रश्न रद्द करून सर्वांना गुण द्यावेत, असे मराठीच्या सरांचे म्हणणे होते. ते सोपे होते आणि कोणावर अन्यायही होत नव्हता. तरीही मुलांच्या डोक्यात ‘दोन्ही म्हणजे अंगण’ हे तसेच राहिले असते. फक्त त्या मुलीचे गुण वाढवण्याला बाईंनी ठाम नकार दिला. जे पालक शाळेत येतात त्यांच्याच मुलांचे गुण वाढतात असा समज गावात पसरायला वेळ लागत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होते.

शेवटी ठरले ते असे. पहिल्या शब्दाचे सर्व पेपर पुन्हा तपासायचे आणि वाक्याला बसेल असे कोणतेही उत्तर बरोबर धरायचे. दुसऱ्या शब्दाचा गुण सर्वांसाठीच स्थगित ठेवून, नीट शिकवल्यावर तो प्रश्न नव्याने विचारायचा. शिकवायचे मात्र फळ्यावर नाही, गावात फिरून.

काय केले

मुलांना वहीत एक तक्ता आखायला सांगितला. प्रत्येक जागेसाठी चार गोष्टी लिहायच्या होत्या: वेढा कशाचा आहे, डोक्यावर छप्पर आहे की आभाळ, आत कोणते काम चालते आणि बाहेर पडायचे कुठून. चौथा रकाना मी अगदी ऐन वेळी सुचला म्हणून घातला. पुढे तोच सर्वांत उपयोगी ठरला.

पहिल्या आठवड्यात मुलांनी आपापल्या घराच्या नोंदी आणल्या. समोरचे शेणाने सारवलेले आंगण, बाजूचा बैलांचा कोठा, मागची सांदवाडी म्हणजे परस. कोठ्याला छप्पर आहे म्हणून तो दोन्ही शब्दांतून वगळावा, हे मुलांनी आपणच ठरवले. समोरचे आंगण तीन बाजूंनी उघडे, त्यामुळे तिथे ‘वेढा कशाचा’ हा रकाना पुष्कळांनी रिकामा सोडला. म्हणजे माझ्या उत्तरसूचीतले ‘अंगण’ या मुलांच्या घरी धड यार्डही नव्हते आणि कोर्टयार्ड तर नव्हतेच.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही गावातल्या जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वाड्यात गेलो. तिथे आता घरातली एक वयस्क बाई आणि त्यांचा मुलगा राहतात. मुले त्यांना काकू म्हणतात. मोठ्या दाराच्या दिंडीतून वाकून आत शिरलो, अंधारी देवडी ओलांडली आणि एकदम उजेडात, चौकात आलो. चारही बाजूंना लाकडी खांबांच्या ओसऱ्या, मध्ये दगडी फरशी, एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन. फरशीच्या कडेने, बरोबर पागोळ्या पडतात तिथे, दगडात बारीक खळगे पडलेले होते. एक मुलगा त्या खळग्यांत बोट घालून पाहत होता. ते पाणी उताराने एका मोरीकडे जात होते आणि मोरी भिंतीखालून बाहेर. मुलांनी वर पाहिले तर आभाळ चौकोनी दिसत होते.

तेवढ्यात ती मापाऱ्याची नात म्हणाली, “सर, इथून पाण्यालेच सरळ बाहेर जाता येते. आपल्याले घरातूनच जा लागते.”

हा फरक मी शब्दकोशात वाचला होता, पण इतका नेमका सांगता मला आला नसता. तिच्या वाक्यावरून आम्ही चौथ्या रकान्याची कसोटी केली: बाहेर पडताना इमारतीतून जावे लागत असेल तर कोर्टयार्ड, नुसते फाटक उघडून जाता येत असेल तर यार्ड. कसोटी अचूक नाही हे मी तेव्हाच सांगितले, कारण काही कोर्टयार्डांना तीन बाजूंनी इमारत आणि चौथ्या बाजूला दार असलेली भिंत असते. पण नववीच्या मुलाला पहिली पकड यायला ती पुरेशी होती.

बाजार समितीच्या यार्डात आम्हाला आजोबा घेऊन गेले. हंगाम सुरू झाला होता, गाड्यांची रांग होती. लिलावाची जागा, वजनकाटा, आत येणारे फाटक आणि बाहेर जाणारे फाटक त्यांनी क्रमाने दाखवले. समितीचे कार्यालय यार्डाच्या आत आहे, यार्ड कार्यालयाच्या आत नाही, हे एका मुलाने वहीत अधोरेखित करून लिहिले. त्याच दौऱ्यात गावचा जुना कोंडवाडाही पाहिला. चार पडक्या भिंती आणि गंजलेले दार. मोकाट गुरे अडकवण्याच्या या जागेला इंग्रजीत ‘पाउंड’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि तळ्याला म्हणतात तो ‘पाँड’ त्याचेच दुसरे रूप आहे, एवढे सांगून पुढे गेलो.

कसोटी अडली ती सेवाग्राममध्ये. शाळेची सहल तिथे आधीच ठरली होती. आदिनिवास, बा कुटी, बापू कुटी यांच्या मधली प्रार्थनेची मोकळी जागा पाहून मुलांनी विचारले की हे काय? कुट्या आहेत, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. मधून कुठेही चालत जाता येते. दोन्ही शब्द बसत नाहीत असेच उत्तर मी दिले. इंग्रजीतला प्रत्येक शब्द आपल्या प्रत्येक जागेवर बसलाच पाहिजे असे नाही, आणि हे मुलांना नववीत कळणे मला महत्त्वाचे वाटते.

निष्पत्ती

पुन्हा तपासल्यावर पहिल्या शब्दाचा गुण त्या मुलीला मिळाला. ‘अंगण’ लिहिणाऱ्यांचाही गुण आम्ही काढून घेतला नाही, कारण तो अर्थ त्यांना मीच शिकवला होता. ‘तीन फूट’ मात्र वाक्यात बसत नसल्यामुळे चूकच राहिले. त्या मुलांना बसवून, गाड्या तीन फुटांत कशा उभ्या राहतील हे वाक्य त्यांच्याकडून वाचून घेतले.

दुसऱ्या शब्दाचा प्रश्न महिन्याभराने नव्या उताऱ्यासह विचारला. या वेळी बहुतेकांना आतली जागा आणि बाहेरची जागा वेगळी ओळखता आली. पण मी न कल्पिलेली नवी अडचण उभी राहिली. म्हातारा कोर्टयार्डमध्ये बसला, अशा अर्थाच्या वाक्याचे भाषांतर कितीतरी मुलांनी ‘म्हातारा चौकात बसला’ असे केले. वाड्यात उभे राहून आम्ही ‘चौक’ हाच शब्द पक्का केला होता. पण गावात चौक म्हणजे पानठेल्याचा, बसथांब्याचा चार रस्त्यांचा चौक. वाक्यातला म्हातारा घराच्या पोटातून उठून थेट रस्त्यावर गेला. ‘वाड्याचा आतला चौक’ असे लिहायचे आम्ही नंतर ठरवले.

याच तासाला एका मुलाने विचारले की जेलच्या यार्डाला चारही बाजूंनी भिंती असतात, बाहेर जायला पुन्हा जेलमधूनच जावे लागते, मग त्याला कोर्टयार्ड का म्हणत नाहीत. हा प्रश्न आमच्या कसोटीच्या मर्मावर होता. मी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सांगितले ते असे: वेढ्याचा आकार आणि आतले काम यांत ओढाताण झाली की ‘यार्ड’ हा शब्द कामाच्या बाजूने जातो. कैद्यांना ठरावीक वेळी मोकळे करण्याची ती जागा आहे, म्हणून ते यार्ड. कोर्टयार्डाला असे एकच काम नसते. ते इमारतीच्या रचनेचा भाग असते. मुलाचे समाधान पूर्ण झाले असे मला वाटले नाही, आणि त्याने ते लपवलेही नाही.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात आधी, प्रश्नच वेगळा हवा होता. एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द मागितला की फरक दडतो. ‘गाड्या कुठे उभ्या आहेत आणि तिथून बाया दिसतील का’ असे विचारले असते, तर अर्थ कळला की नाही ते आपोआप समोर आले असते.

दुसरे म्हणजे, उत्तरसूची करण्याआधी हे शब्द मुलांना कुठून माहीत आहेत ते विचारायला पाच मिनिटे पुरली असती. आता कोणताही ओळखीचा इंग्रजी शब्द शिकवण्याआधी तो गावात कुठे वापरतात ते मी फळ्यावर लिहून घेतो. ‘कोर्ट’साठी हे आधी केले असते, तर कोर्टासमोरची जागा ही चूक पेपरात न येता वर्गातच भेटली असती. वाड्यात ‘चौक’ शब्द दिला तेव्हा त्याचा रस्त्यावरचा अर्थ त्याच क्षणी बाजूला काढायला हवा होता. तिथे माझी घाई झाली.

शून्य गुण देण्याचा निर्णय मला आजही बोचतो. उत्तर सूचीशी जुळत नव्हते एवढ्यावर मी लाल रेघ ओढली, उतारा पुन्हा वाचला नाही. आजोबा आले नसते तर ती रेघ तशीच राहिली असती, आणि सगळ्या मुलांचे आजोबा शाळेत येत नाहीत.

देशभेदाचा भाग मी उशिरा, जवळजवळ शेवटी घेतला. तो आधी घेतला असता तर सांदवाडीचा वाद लांबला नसता. तक्त्यात सांदवाडीच्या ओळीवर वर्गात दोन तट पडले होते: तिथे वांगी, मिरची, शेवगा आहे म्हणून ‘गार्डन’ म्हणणारे आणि काट्याच्या कुंपणाने वेढलेली घरामागची जागा म्हणून ‘यार्ड’ म्हणणारे. ब्रिटिश माणूस पहिल्या तटाला मान डोलावेल आणि अमेरिकन दुसऱ्या. मुलांनी ती ओळ खोडली नाही. दोन्ही शब्द लिहून प्रत्येकापुढे देशाचे नाव टाकले, आणि तक्ता आता तसाच वर्गाच्या भिंतीवर आहे.